चांगल्या माणसालाही नियम

मुलांवरच्या अत्याचाराच्या बातमीत एक परिच्छेद ठरलेला असतो. वार्ताहर शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना, इतर पालकांना गाठतो आणि सगळे जवळपास एकच सांगतात : ‘विश्वासच बसत नाही. फार चांगला माणूस. मुलांत रमायचा. रात्री-अपरात्री हाक मारा, धावून यायचा.’ वाचताना प्रश्न पडतो, एवढ्या लोकांपैकी एकालाही काही दिसलं कसं नाही?

हे लोक खोटं बोलत नसतात. त्यांच्याशी तो माणूस खरोखरच चांगला वागलेला असतो. ते चांगलं वागणं हाच त्याचा आत शिरायचा रस्ता असतो. ‘आपण माणूस बरोबर ओळखतो’ या भरवशावर मुलांची सुरक्षितता सोपवली, तर ती फसते ती याच ठिकाणी.

मुलांची जबाबदारी घेणारी संस्था म्हटलं की शाळा आठवते. पण शाळेबाहेर आपली मुलं किती जणांच्या हाती असतात ते जरा आठवून पाहा. क्रिकेट अकादमी, पोहण्याचा तलाव, कथकचा वर्ग, बालनाट्याच्या तालमी, उन्हाळी शिबिर, ट्रेकला नेणारा गट, ढोल-ताशा पथक, संस्कार वर्ग, शिकवणी, वसतिगृह. यांतल्या कित्येक ठिकाणी ना मुख्याध्यापक असतो, ना शिक्षणाधिकाऱ्यांची भेट. एक ‘सर’ असतात किंवा एक ‘दादा’ असतो आणि त्याच्या शब्दावर सगळं चालतं.

याच संस्थांचं बँकेतलं खातं मात्र शब्दावर चालत नाही. अगदी गल्लीतल्या मंडळाच्या चेकवरसुद्धा दोन सह्या लागतात. खजिनदार चोर आहे म्हणून कुणी हा नियम केलेला नसतो आणि खजिनदारालाही त्यात अपमान वाटत नाही. उलट उद्या हिशेबात काही निघालं तर एकट्यावर बालंट येणार नाही, म्हणून तो निश्चिंत असतो. पैशांसाठी जे आपल्याला इतकं सहज पटतं, ते मुलांसाठी मांडलं की मात्र लगेच ‘म्हणजे आमच्यावर संशय घेता का?’ असा सूर लागतो. बालसंरक्षण धोरण म्हणजे मुलांच्या बाबतीतला दोन सह्यांचा नियम. तो सगळ्यांना सारखा लागू असतो, संस्थापकांना तर सगळ्यात आधी.

आधी मोठ्यांचा विश्वास, मग मुलाचा

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. आपल्यावर कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं. यात गंभीर प्रकार होते, तसे नकोशा स्पर्शाचेही होते. अत्याचार झालेल्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. ‘मुलग्यांना काय धोका?’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या, जबाबदारीच्या जागेवर बसलेले होते. आणि बहुतेक मुलांनी हे तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

ओळखीचा माणूस हे करतो कसा? अभ्यासक ज्याला ‘ग्रूमिंग’ म्हणतात, ती मुलाला हळूहळू जाळ्यात ओढण्याची पद्धत आहे आणि तिला पायऱ्या असतात. पहिली पायरी मोठ्यांची. माणूस संस्थेत पडेल ते काम करतो, मानधन घेत नाही, रविवारीही येतो. पालकांच्या अडचणीला उपयोगी पडतो. त्याच्याविरुद्ध उद्या कुणी काही बोललं, तर ऐकणाऱ्याला तेच खोटं वाटेल एवढी पुंजी तो आधीच जमा करून ठेवतो.

मग मूल हेरलं जातं. ज्याचे वडील बाहेरगावी आहेत, ज्याला फी परवडत नाही, जे गटात एकटं पडलंय, ज्याला संघात जागा हवी आहे असं. त्याला एखादी नवी बॅट मिळते, फी माफ होते, संध्याकाळी गाडीवरून घरी सोडलं जातं. या प्रत्येक गोष्टीला बघणारे ‘माया’ म्हणतात. त्यानंतर येतं एखादं बारीकसं गुपित : ‘वडापाव खाल्ला हे आईला सांगू नको हं, ओरडेल.’ वडापाव महत्त्वाचा नसतो. मूल घरी सांगतं की नाही, याची ती चाचणी असते. मूल गप्प राहिलं की पुढची पायरी. कधी खेळाच्या निमित्ताने, कधी पवित्रा सुधारण्याच्या निमित्ताने होणारा, चुकून झाल्यासारखा वाटणारा स्पर्श. खरा अत्याचार होतो तोवर मुलाला वाटत असतं की आपणही यात सामील आहोत. भेटवस्तू आपण घेतली, खोटं आपण बोललो. म्हणून ते बोलत नाही.

बालसंरक्षणाचे नियम या शेवटच्या पायरीवर बसवलेले नसतात. तिथे उशीर झालेला असतो. ते बसवतात अगदी सुरुवातीच्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या पायऱ्यांवर. कुणाही एका मुलाला वेगळी भेटवस्तू द्यायची नाही. एकट्या मुलाला गाडीवर बसवायचं नाही. प्रशिक्षकाने मुलाला खासगी संदेश पाठवायचा नाही. जे सांगायचं ते पालक असलेल्या गटावर. फीची सवलत समिती ठरवेल, एकटे सर नव्हेत. हे नियम मोडणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, बहुतेक जण निव्वळ प्रेमळ असतात. पण नियम मोडला की तो सगळ्यांना दिसतो, आणि कुणाच्याही हेतूबद्दल एक शब्द न काढता थांबवता येतो. ‘सर, आपल्याकडे असं चालत नाही’ एवढं म्हणायला धाडस लागत नाही. ‘सर, तुमचं वागणं मला संशयास्पद वाटतं’ हे म्हणायला फार लागतं, आणि म्हणूनच ते कुणी म्हणत नाही.

पडताळणीचा कागद किती पुरतो

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, २०१२ च्या १४ नोव्हेंबरला लागू झाला. १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो की मुलगी, या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. या कायद्याखालचे २०२० चे नियम सांगतात, की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशी मुलांशी नियमित संबंध येणारी कुठलीही संस्था असेल, तर तिने मुलांच्या संपर्कात येणाऱ्या आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची. शिक्षक, शिपाई, बसचालक, कंत्राटी सफाई कामगार, सगळ्यांची. शिवाय त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षणही वेळोवेळी द्यायचं.

नियम चांगला आहे, पण त्याला एक फट आहे. त्यातला शब्द ‘कर्मचारी’ आहे. आपल्याकडची शिबिरं आणि पथकं चालतात स्वयंसेवकांवर, आणि मुलांबरोबर रात्री तंबूत झोपणारा दादा कुठल्याच हजेरीपटावर नसतो. शहाण्या संस्थेने ही फट आपणहून बुजवावी.

दुसरी मर्यादा खुद्द दाखल्याची आहे. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘काही केलेलं नाही’ असा होत नाही. याचं सगळ्यात कडू उदाहरण इंग्लंडमधल्या सोहम गावचं. २००२ च्या ऑगस्टमध्ये तिथे दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला. खुनी इयन हंटली गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. दुसऱ्या एका भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध १९९५ ते १९९९ या काळात अल्पवयीन मुलींशी लैंगिक संबंधांच्या आणि बलात्काराच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. एकीतही शिक्षा झाली नव्हती, आणि नोकरीआधीच्या पडताळणीत त्यांतली एकही तक्रार शाळेपर्यंत पोहोचली नाही. सर मायकल बिचर्ड यांच्या चौकशी समितीने २००४ मध्ये पोलिसांच्या या कारभारावर कडक ताशेरे ओढले आणि त्यातून ब्रिटनमधली आजची पडताळणीची व्यवस्था उभी राहिली. तिथल्या विस्तारित दाखल्यात शिक्षा न झालेल्या, पण पोलिसांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या माहितीचाही विचार होऊ शकतो.

आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी आहे. तुम्हा-आम्हाला ती उघडून पाहता येत नाही. तेव्हा दाखल्यासोबत एक साधं काम करावं. उमेदवार आधी जिथे होता, त्या संस्थेला फोन लावावा आणि सरळ विचारावं : ‘यांना पुन्हा मुलांसोबत कामाला ठेवाल का?’ समोरचा उत्तर द्यायला अडखळला, तर तेही उत्तरच असतं.

दुसरी नजर

बालसंरक्षण धोरणाचा कणा एकाच कलमात सांगता येतो : एक मोठा माणूस आणि एक मूल, बंद दाराआड, कुणाला न दिसता, असा प्रसंग येऊच द्यायचा नाही. वर्गाच्या दाराला काच. कार्यालयाचं दार उघडं. मुक्कामी सहलीला किमान दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यांत बाई हवीच. कपडे बदलण्याची मुलांची जागा मोठ्यांपासून वेगळी, आणि मोठ्या मुलांपासून लहानांचीही वेगळी, कारण त्रास देणारा प्रत्येक वेळी प्रौढच असतो असं नाही. बालवाडीतल्या मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचं काम बाईकडे. मुलांचे फोटो संस्थेच्या फोनवर, पालकांच्या लेखी संमतीने.

सीसीटीव्हीवर आपला फार जीव आहे. कॅमेरा हवाच, पण तो झाल्यावर सांगतो. आणि चित्रीकरण रोज कुणी तपासत नसेल, साठवत नसेल, तर झाल्यावरही सांगत नाही. माझ्या मते संस्थेकडे मर्यादित पैसे असतील, तर पहिला खर्च आणखी एका मदतनीस बाईच्या पगारावर व्हावा.

दुसरी नजर नुसती हजर असून चालत नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नॅसर याने उपचाराच्या नावाखाली अनेक वर्षं मुलींवर अत्याचार केले. त्यांतले काही मुलीची आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले असताना. तो त्यांच्या नजरेआड मुलगी येईल असा उभा राहायचा आणि गप्पा मारत राहायचा. पालक तिथेच होते, पण नामवंत डॉक्टर काय करतोय हे विचारायचं असतं, ही गोष्टच त्यांना कुणी सांगितली नव्हती. चेकवर दुसरी सही करणाऱ्याने आकडा वाचायचा असतो, तसंच हे. म्हणून उपचार असो की मालीश असो की पवित्रा सुधारणं असो, स्पर्श का आणि कुठे होणार हे मुलाला आणि पालकाला आधी सांगावं, मुलाने नको म्हटलं तर थांबावं, आणि हा नियम मुलांनाही माहीत असावा.

मूल सांगतं तेव्हा

मूल नीट बसून सगळं कधीच सांगत नाही. ते म्हणतं, ‘मला त्या सरांकडे जायचं नाही.’ किंवा पोट दुखल्याची तक्रार करतं. किंवा मैत्रिणीचं म्हणून सांगतं. आणि ते ज्याला सांगतं तो संस्थेचा प्रमुख नसतो. डबा उघडून देणाऱ्या मावशी असतात, नुकताच कॉलेजात गेलेला दादा असतो. म्हणून प्रशिक्षण त्यांना आधी हवं.

शिकवायचं ते थोडकंच आहे. शांतपणे ऐका, चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ म्हणा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘जे तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ म्हणा. खोदून विचारू नका. ‘त्यांनी इथे हात लावला का?’ अशा प्रश्नांनी उत्तर मुलाच्या तोंडी घातल्यासारखं होतं आणि पुढे न्यायालयात तेच अंगाशी येतं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

आणि संस्थेने स्वतः तपास करायचा नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. ट्रस्टी बैठक बोलावतात, मुलाला चार मोठ्या माणसांपुढे उभं करून पुन्हा विचारलं जातं, काही वेळा तर आरोप असलेल्या माणसासमोरच. मूल घाबरून शब्द फिरवतं आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. तपास पोलिसांचं काम आहे आणि त्यासाठी कायद्याने त्यांनाही बांधून घातलंय : मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही.

कळवणं मर्जीवर नाही

पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होण्याची शक्यता ज्याला वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करून मग, अशी अट नाही. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

ही कलमं शोभेची नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्यांच्या उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरवर माहिती असून न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी ते रद्द करणंच रद्द ठरवलं. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बरेचदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने बजावलं.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. बालवाडीतल्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतल्याच पुरुष सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. तो काही दिवसांपूर्वीच कामावर आला होता. तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या दिरंगाईने लोक संतापले आणि २० ऑगस्टला त्यांनी रेल्वे रोखून धरली. खटला उभा राहण्याआधीच आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, त्यामुळे सगळी चर्चा त्या एका माणसाभोवती आणि त्या चकमकीभोवती फिरत राहिली. मुलांच्या दृष्टीने जास्त कामाचा भाग बाजूला पडला : माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला होता, आणि शाळांतल्या सुरक्षिततेचे उपाय सुचवायला उच्च न्यायालयाने समिती नेमली.

‘संस्थेचं नाव खराब होईल’

एवढा कायदा असून संस्था गप्प का बसतात? दुष्टपणामुळे क्वचितच. बहुधा मुलीच्या भविष्याची काळजी, पुढच्या वर्षीचे प्रवेश, आणि ‘इतकी वर्षं काम केलेला माणूस’ हे सगळं एकत्र येतं, आणि निघतो तो मधला मार्ग : राजीनामा घ्या, वाच्यता नको. मग तो माणूस स्वच्छ दाखला घेऊन शेजारच्या तालुक्यात रुजू होतो.

नॅसरच्या बाबतीत एका खेळाडूने एका विद्यापीठातल्या प्रशिक्षकाला पहिल्यांदा सांगितलं ते १९९७ मध्ये. ‘इंडियानापोलिस स्टार’ या वृत्तपत्राने २०१६ मध्ये प्रकरण बाहेर काढेपर्यंत तो मुली तपासत होता. याच वृत्तपत्राने दाखवून दिलं, की प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारींवर खुद्द पीडितेची किंवा तिच्या पालकांची सही नसेल, तर जिम्नॅस्टिक्स महासंघ त्या ऐकीव म्हणून बाजूला ठेवायचा. एक कारकुनी नियम, आणि त्याने किती जणांना सांभाळून घेतलं! २०१८ मध्ये न्यायालयात दीडशेहून जास्त जणींनी त्याच्यासमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला : खेळसंस्थांतल्या प्रौढांनी अत्याचाराचा संशय २४ तासांत कळवायचा, आणि खेळाडू मुलाशी एकांतातला संपर्क मर्यादित ठेवायचा.

गुप्तता हवी, पण ती मुलाची. मुलाचं नाव, घर, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अमुक वर्गातली, तमुक सोसायटीतली’ असं लिहिणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं; हळहळ व्यक्त करताना ते त्या मुलाची ओळख गावभर करत असतात.

चौकट : नाव नोंदवण्याआधी संस्थेला विचारा

• तुमचं बालसंरक्षण धोरण लेखी आहे का? वाचायला मिळेल का?
• स्वयंसेवकांसह सगळ्यांची पडताळणी झाली आहे का?
• मुक्कामात मुलांबरोबर कोण झोपतं? किती मोठी माणसं असतात?
• मुलाला तक्रार करायची असेल तर कोणाकडे? तक्रार प्रमुखांविरुद्धच असेल तर?
• मुलाशी फोनवर कोण, कुठल्या गटावरून बोलतं?
• पालक आगाऊ न कळवता येऊन पाहू शकतात का?

या प्रश्नांवर रागावणाऱ्या संस्थेत मूल पाठवू नये.

छोट्या मंडळाने काय करावं

लैंगिक अत्याचार हा या विषयाचा सर्वांत झाकलेला भाग, म्हणून त्यावर इतकं लिहिलं. मारहाण, उपाशी ठेवणं, चारचौघांत अपमान हेही याच धोरणात येतं. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलांचा सांभाळ सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाने मुलाला क्रूरपणे वागवलं, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘शिस्तीसाठी दोन फटके हवेतच’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांना हे कुणीतरी वाचून दाखवावं.

‘आम्ही काय, चार पोरांचं पथक, आम्हाला कसलं धोरण’ ही सबब चालणार नाही. कलम १९ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ म्हटलंय. मग तुमचं मंडळ नोंदणीकृत आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. धोरण दोन पानांचं असलं तरी चालेल. मुलांची तक्रार ऐकणाऱ्या दोन व्यक्ती नेमा, त्यांत एक बाई, आणि शक्यतो एक जण संस्थेबाहेरचा. काय चालतं आणि काय चालत नाही ते साध्या मराठीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि वर्षातून एकदा पुन्हा वाचा. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या, ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलू नका. आणि जिथे मुलं चपला काढतात तिथे मोठ्या अक्षरांत १०९८ लिहा. ही बाल हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फोनला पैसे पडत नाहीत आणि तो मूल स्वतःही लावू शकतं.